तो परत आलेला निबंध आधी उघडा

पत्र:

मी सोलापूरची. समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय, नोंदणी २०२३ ची. विषय शहरातल्या विडी कामगार स्त्रिया, प्रबंध मराठीत. प्रबंध तपासणाऱ्या दोन्ही रेफरींचे रिपोर्ट आलेत, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. पाचव्या प्रकरणावरून एक निबंध एका नियतकालिकाला पाठवला होता. तो दोन समीक्षकांच्या टिप्पण्यांसह परत आला: 'मोठे बदल करून पुन्हा पाठवा.' एवढी खचले की ती फाईल त्यानंतर उघडलेलीच नाही. आता विभागातले एक सर म्हणतात, साडेतीन हजार दे, आठ दिवसांत पेपर छापून आणतो, आयएसएसएन नंबर आहे, सर्टिफिकेटही मिळेल, फक्त लेखकांत माझं नाव टाक. गाईड म्हणतात, व्हायवात दाखवायला एखादा पेपर असला तर बरं. आकडेवारी मी बाहेर पैसे देऊन करून घेतली, काय-स्क्वेअर विचारलं तर काय बोलू? आणि एक गोष्ट प्रबंधात लिहिलेली नाही. माझी आई आयुष्यभर विड्या वळत होती. हे सांगावं का? रेफरींचं जेवण आणि शालीही मलाच बघायच्या आहेत म्हणे. प्रबंधातला तक्ता ५.४ आणि समीक्षकांच्या टिप्पण्या सोबत जोडल्या आहेत.

उत्तर:

साडेतीन हजार रुपये देऊ नका. हे आधी सांगते, कारण ते सर घाई करत असतील. त्यांना 'नको' म्हणून कळवलंत की बाकीचं निवांत वाचता येईल.

तुम्ही निबंधाचं एक संकट आणि व्हायवाचं दुसरं, अशी मांडणी केली आहे. तुम्ही पाठवलेल्या टिप्पण्या वाचल्यावर मला तरी हे एकच काम दिसतं. त्या दोन समीक्षकांनी जे विचारलंय, जवळपास तेच तुमचे रेफरी विचारणार आहेत. तेव्हा निबंध दुरुस्त करायला बसणं हीच व्हायवाची तयारी, आणि ती तुम्हाला घरबसल्या, फुकट आणि लेखी मिळाली आहे. ती फाईल आजच उघडा.

आधी पेपरचा प्रश्न निकालात काढू. तुमची नोंदणी २०२३ ची, म्हणजे तुम्हाला यूजीसीचे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे, ७ नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी. नियम लागू. प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही २०१६ च्या नियमांतली सक्ती त्यांत काढून टाकली आहे. काही विद्यापीठांनी स्वतःच्या नियमावलीत अट ठेवली आहे, म्हणून तुमच्या विद्यापीठाचा पीएच.डी.चा अध्यादेश काढून ते एक कलम वाचा. पण तुमचा प्रबंध स्वीकारला गेला, रेफरींकडे गेला, रिपोर्टही आले. या टप्प्यावर पेपरवाचून तुमचं काही अडलेलं नाही. गाईडचं म्हणणं 'बरं दिसेल' एवढंच आहे, आणि बरं दिसण्यासाठी त्यापेक्षा चांगली वस्तू तुमच्याकडे आधीच आहे. तिच्याकडे येतेच.

आयएसएसएनच्या भुलीला पडू नका. तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाची नोंद. आत काय छापलंय, ते कोणी तपासलंय का, याच्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. अर्ज केला की मिळतो. मे २०१८ मध्ये यूजीसीनं स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती, आणि आयएसएसएन त्यांच्याकडेही होतेच. त्यानंतर पुण्याच्या विद्यापीठात कक्ष असलेली, दर्जेदार नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केली आणि नियतकालिक पारखायचं काम विद्यापीठांवर आणि अभ्यासकांवर सोपवलं. 'केअर लिस्टेड' असं अजूनही पहिल्या पानावर मिरवणारं मासिक दिसलं की सावध व्हा. खऱ्या मासिकाचं नाव आणि नंबर चोरून खोटी वेबसाइट उघडण्याचा धंदाही जोरात आहे. म्हणून मेलमध्ये आलेल्या लिंकवर जाऊ नका. आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर नाव शोधा आणि प्रकाशक तोच आहे का ते पाहा. मागच्या दोन अंकांतले तुमच्या विषयाचे लेख वाचा. संपादक मंडळातले लोक आपापल्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का तेही बघा. याला एक दुपार पुरते.

पण त्या सरांच्या बाबतीत एवढं शोधायचीही गरज नाही. आठ दिवसांत कोणीही निबंध वाचून, समीक्षकाला पाठवून, दुरुस्त करून घेऊन छापू शकत नाही. जे छापतात ते न वाचता छापतात. आणि ज्यानं एक ओळ लिहिली नाही त्याचं नाव लेखक म्हणून टाकायचं, तर उद्या त्यातल्या आकड्याबद्दल कोणी विचारलं की उत्तर द्यायला तुम्ही एकट्या उभ्या राहणार. त्यातही मोठा तोटा वेगळाच आहे. पाचवं प्रकरण हा तुमच्या प्रबंधाचा कणा. ते एकदा अशा ठिकाणी छापलंत की चांगल्या नियतकालिकाची दारं त्याला बंद. छापून झालेला मजकूर कोणी पुन्हा घेत नाही. पाच वर्षांनी मुलाखतीच्या टेबलावर कोणीतरी तो पेपर उघडेल, तेव्हा तो तिथून पुसता येणार नाही. सरांना मोघम काही सांगत बसू नका. 'सर, तो निबंध आधीच एका नियतकालिकाकडे आहे, दोन ठिकाणी देता येत नाही' एवढं म्हणा. हे खरं आहे, नियमाला धरून आहे आणि यात त्यांचा अपमानही नाही.

आता ती चांगली वस्तू. 'मोठे बदल करून पुन्हा पाठवा' हा नकार नव्हे. नकार देताना संपादक दोन ओळींत आभार मानून मोकळे होतात. तुमच्या निबंधावर दोन अनोळखी माणसांनी वेळ खर्च केलाय आणि संपादकांनी दार उघडं ठेवलंय. ते पत्र, त्यावरचं तुमचं मुद्देसूद उत्तर आणि सुधारलेला निबंध पुन्हा पाठवल्याची पोच, हे तीन कागद व्हायवाच्या दिवशी फाईलमध्ये ठेवा. गाईडना हेच दाखवा. जाणत्या रेफरीला आठ दिवसांत छापलेल्या पेपरपेक्षा यातून तुमच्याबद्दल कितीतरी जास्त कळेल.

उत्तर लिहायची रीत सोपी आहे. कागदावर तीन रकाने करा: समीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, तुमचं उत्तर, निबंधात बदल कुठल्या पानावर केला. एकही टिप्पणी गाळायची नाही, अगदी शुद्धलेखनाचीसुद्धा. पटत नसेल तिथे बदल करू नका, पण का पटत नाही ते पुराव्यासकट लिहा. समीक्षक चुकू शकतो आणि संपादकांना ते ठाऊक असतं. 'माननीय समीक्षकांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल' वगैरे पहिल्या ओळीत एकदा पुरे.

तुमच्या दुसऱ्या समीक्षकाची जी टिप्पणी तुम्हाला सर्वांत जास्त लागलेली दिसते ती अशी: 'नमुना निवड स्पष्ट नाही. निष्कर्ष संपूर्ण शहराला लागू करता येणार नाहीत.' त्यांचं बरोबर आहे. मात्र याचा अर्थ तुमचं काम वाया गेलं असा होत नाही. तुम्ही विडी कामगारांच्या संघटनेमार्फत तिच्या १२० सभासद बायकांपर्यंत पोचलात आणि त्यांच्या ओळखीतून शेजारपाजारच्या ८० बिगरसभासद बायकांपर्यंत. हे निबंधात जसं घडलं तसं लिहा. मग पुढची पायरी चढा, जी बहुतेक प्रबंधांत कोणी चढत नाही: या निवडीमुळे तुमचा आकडा कुठल्या बाजूला झुकला असेल? तुमच्या बिगरसभासद बायका सभासदांच्या शेजारी राहतात, त्यांच्याकडून चार गोष्टी ऐकतात. ज्यांच्या गल्लीत संघटना पोचलीच नाही त्या तुमच्या नमुन्यात नाहीत. त्यांची छाट, म्हणजे तपासणीत बाद ठरणाऱ्या विड्या, याहून जास्त असण्याचीच शक्यता अधिक. म्हणजे सभासद आणि बिगरसभासद यांच्यातला तुम्हाला सापडलेला फरक खऱ्या फरकापेक्षा कमीच असेल. अशी मर्यादा तुम्ही स्वतःहून मांडलीत की परीक्षकाचा आक्षेप तुमच्या निष्कर्षाला बळ देऊन जातो.

आता काय-स्क्वेअर. आकडेवारी बाहेरून करून घेतल्याची लाज वाटून घेऊ नका. तशी ती पुष्कळजण घेतात. लाज वाटावी अशी गोष्ट एकच, ती समजून न घेणं, आणि तुमच्या हातात महिना आहे. तक्ता ५.४ समोर घ्या.

ज्या वाचकांना विडीधंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बाई पानं, तंबाखू, दोरा घरी आणते, विड्या वळून कारखान्याच्या शाखेत देते आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. तपासणारा माणूस ज्या विड्या बाद ठरवतो ती छाट. छाट झालेल्या विडीची मजुरी बुडते. छाटीवर किती मर्यादा, हे १९६६ च्या विडी कामगार कायद्याखालच्या नियमांत सांगितलेलं होतं.

तुमच्या तक्त्यात २०० बायका आहेत. १०० जणींची छाट जास्त, १०० जणींची कमी. १२० सभासदांपैकी ४८ जणींची जास्त, ८० बिगरसभासदांपैकी ५२ जणींची. आता असं समजा की संघटनेचा आणि छाटीचा काही संबंधच नाही. एकूणात निम्म्या बायकांची छाट जास्त आहे, तर मग सभासदांतही निम्म्यांची, म्हणजे ६० जणींची, आणि बिगरसभासदांतही निम्म्यांची, म्हणजे ४० जणींची जास्त असायला हवी होती. प्रत्यक्षात आहेत ४८ आणि ५२. दोन्हीकडे फरक १२ चा. १२ चा वर्ग १४४. त्याला ६० नं भागा, २.४ येतात. ४० नं भागा, ३.६. कमी छाटीच्या दोन चौकटींतही हेच दोन आकडे येतात. चारही मिळवा, १२ झाले. स्वातंत्र्यमात्रा (डिग्री ऑफ फ्रीडम) १ असताना ५ टक्के पातळीचा उंबरठा ३.८४ चा, तुमचा आकडा त्याच्या कितीतरी वर. म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता अगदीच थोडी. झालं, एवढंच काय-स्क्वेअर आहे. सॉफ्टवेअरच्या छापील पानावर १२ च्या खाली ११.०२ असाही आकडा असेल. तो येट्सच्या दुरुस्तीचा, दोन बाय दोनच्या तक्त्यात तो येतोच, त्यानं दचकू नका. हे गणित कागदावर हातानं करून बघा, आणि मग न बघता पुन्हा करा. ज्या बाईनं ते हातानं केलंय तिला कोणी त्यावरून अडवू शकत नाही.

मात्र हुशार रेफरी सूत्र विचारणार नाही. तो विचारेल, 'जास्त छाट म्हणजे किती, आणि रेघ तिथेच का मारली?' बरोबर निम्म्या बायका वर आणि निम्म्या खाली आहेत, म्हणजे आकडेवारी करून देणाऱ्यानं मध्यकावर रेघ मारलेली दिसते. सॉफ्टवेअरला ते सोयीचं. पण तुमच्या विषयाची खरी रेघ नियमातल्या मर्यादेची आहे: किती बायकांची छाट बेकायदा होती? तुमच्याकडे मूळ प्रश्नावल्या आहेत. तो तक्ता नव्यानं करा. नियमातली टक्केवारी मूळ नियम काढून तपासा, ऐकीव आकडा घेऊ नका. निबंधात हा तक्ता घाला आणि व्हायवाच्या स्लाइडमध्ये जुन्याशेजारी ठेवा. निष्कर्ष बदलला तर तसं सांगा. माझ्या मते तुमच्या निबंधात सर्वांत मोठी भर यानंच पडेल.

दुसरा येणारा प्रश्न: 'संघटनेमुळे छाट कमी झाली, की जिथे छाट मुळातच कमी त्या कारखान्यांत संघटना आहे?' पहिल्या समीक्षकानं हेच वेगळ्या शब्दांत म्हटलंय. तुमचा तक्ता संबंध दाखवतो, कारण दाखवत नाही. 'संघटनेमुळे छाट कमी होते' हे प्रबंधातलं वाक्य जरा जास्तच बोलून जातं. निबंधात ते 'सभासद स्त्रियांमध्ये जास्त छाटीचं प्रमाण ४० टक्के, बिगरसभासदांमध्ये ६५ टक्के आढळलं' असं करा. कारखानावार आकडे असतील तर एकाच कारखान्यातल्या सभासद आणि बिगरसभासद वेगळ्या काढून पाहा. चौकटी लहान होतील, अपेक्षित संख्या ५ च्या खाली जाईल. तिथे काय-स्क्वेअर न वापरता नुसते आकडे द्या. आणि तुमच्या मुलाखतींत ज्या बायकांनी 'आधी किती छाट व्हायची आणि सभासद झाल्यावर काय झालं' हे सांगितलंय, त्यांचे उतारे इथे आणा. कारण काय, हे त्या बायका तुम्हाला तक्त्यापेक्षा जास्त सांगतील.

मुलाखती तेलुगूत झाल्या आणि प्रबंधात उतारे मराठीत आहेत, असं पद्धतीच्या टिप्पणीवरून दिसतं. भाषांतर कोणी केलं हे लिहायचं राहिलंय. तुम्हीच केलं असेल तर एका ओळीत तसं लिहा, आणि दोनतीन मूळ ध्वनिमुद्रणं हाताशी ठेवा.

इथेच तुमच्या आईचा प्रश्न येतो.

सांगा. जरूर सांगा. तुम्ही ते लपवलंय असं मला वाटत नाही. वस्तुनिष्ठतेच्या भीतीनं तुम्ही गप्प राहिलात, आणि ही भीती आपल्या विभागांत मुलांच्या मनात पद्धतशीर भरली जाते. ज्याच्या घरात कधी विडी वळली गेली नाही तो अभ्यासकही कुठूनतरी येतोच, फक्त त्याला कोणी ते विचारत नाही. आईमुळे तुम्हाला काय मिळालं आणि काय अडलं, दोन्ही लिहा. मिळालं ते उघड आहे: भाषा, विश्वास, घरात बसायला जागा, शाखेत कोण कशावर चिडतं याची जाण. अडलं काय? बायकांनी कित्येक गोष्टी तुम्हाला सांगितल्याच नसतील, 'हिला ठाऊकच आहे' म्हणून. आणि तुम्हीही काही विचारलं नसेल, कारण तुमच्या दृष्टीनं ते रोजचंच होतं. टिपणं या नजरेनं चाळा, एखादी जागा नक्की सापडेल. निबंधाच्या पद्धतीच्या भागात असं काहीतरी घाला: 'संशोधक स्वतः सोलापुरातील विडी कामगार कुटुंबातील आहे. त्यामुळे मुलाखतींना प्रतिसाद मोकळा मिळाला. मात्र कामाच्या परिचित तपशिलांबद्दल पुरेसे प्रश्न विचारले गेले नसण्याची शक्यता आहे. ही उणीव शाखांतील प्रत्यक्ष निरीक्षणांतून भरून काढण्याचा प्रयत्न केला.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. व्हायवात पद्धतीच्या स्लाइडवर आलात की हे तोंडानंही सांगा, कोणी विचारायची वाट न पाहता. आवाज भरून आला तरी हरकत नाही, पाणी प्या आणि पुढे चला.

कायद्याकडे मात्र लगेच लक्ष द्यायला हवं. तुमचा प्रबंध १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यावर उभा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेला. तुमचं क्षेत्रकाम त्याआधीचं, त्यामुळे विश्लेषण चुकीचं ठरत नाही. पण 'आता काय?' हा प्रश्न येणार म्हणजे येणार. घरी बसून काम करणाऱ्या बाईचा मालक कोण, हे १९६६ च्या कायद्यानं कसं ठरवलं होतं आणि संहितेत त्याचं काय झालं, यावर एक पान लिहून ठेवा. त्या कायद्याला मालकांनी आव्हान दिलं तेव्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात तो वैध ठरवला, हा निकाल तुमच्या आढाव्यात नसेल तर वाचा. घरून काम करणाऱ्यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १७७, १९९६ सालचा, भारतानं मान्य केलेला नाही, हेही माहीत असू द्या. पहिल्या समीक्षकाची 'संदर्भ जुने आहेत' ही तक्रारही यानं बरीचशी मिटेल. नवे संदर्भ शोधताना चॅटबॉटनं दिलेली यादी जशीच्या तशी घेऊ नका. तो नसलेले निबंध आणि नसलेली पानं बेधडक रचून देतो. हातात न धरलेला संदर्भ सूचीत नको.

रेफरींचे रिपोर्ट गाईडकडून मागून घ्या, पूर्ण. व्हायवा इतर गोष्टींबरोबरच त्या रिपोर्टमधल्या मुद्द्यांवर घ्यायची असते, म्हणून ते तुम्हाला आधी मिळणं रास्त आहे. नुसत्या 'शिफारस केली आहे' या ओळीवर समाधान मानू नका. त्यातलं प्रत्येक 'तथापि' आणि 'मात्र' अधोरेखित करा. त्या वाक्यांनाही तीन रकान्यांचीच रीत लावा. छपाईच्या चुका सापडल्या असतील तर शुद्धिपत्र टाइप करून प्रती घेऊन जा. रेफरीनं चूक दाखवायच्या आत तुम्ही यादी पुढे केलीत की अर्धं वातावरण निवळतं.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडंच सांगते. मी परीक्षक म्हणून पुष्कळदा बसले आहे. विद्यार्थी अडखळतात ते अवघड प्रश्नाला नव्हे, 'तुम्हाला नवीन काय सापडलं, सोप्या शब्दांत सांगा' या पहिल्याच प्रश्नाला. तेव्हा ते विषयाचं महत्त्व, उद्दिष्टं, गृहीतकं अशी अनुक्रमणिका म्हणायला लागतात. याचं उत्तर चार वाक्यांत तयार करा, आणि ते वहीत लिहून पाठ करण्याऐवजी कोणाला तरी सांगा. विडीधंदा माहीत असलेल्या, पण समाजशास्त्र न शिकलेल्या माणसाला सांगितलंत तर उत्तम. स्लाइडमध्ये साहित्याचा आढावा एकाच पानात उरका. लोकांना तुमचे तक्ते आणि तुमच्या बायकांची वाक्यं ऐकायची असतात.

प्रबंध मराठीत आहे, रेफरींनी तो मराठीत वाचलाय. उत्तरं मराठीत द्या. कोणी इंग्रजीत विचारलं तर प्रश्न समजून घ्या आणि मराठीतच बोला, त्याबद्दल माफी मागू नका. प्रश्न कळला नाही तर 'मॅडम, आपण पद्धतीबद्दल विचारताय की निष्कर्षाबद्दल?' असं विचारायला मुभा आहे. उत्तर येत नसेल तर ते कुठल्या प्रकारचं 'येत नाही' ते सांगा. 'हे मी तपासलेलं नाही.' 'हे माझ्या माहितीतून ठरवता येत नाही, त्यासाठी कारखान्यांचे हजेरीपट लागतील.' 'हे पुस्तक मी वाचलेलं नाही, टिपून घेते.' तिन्ही उत्तरं सन्मानाची आहेत. रेफरी चिडतात ते बनवाबनवीवर. व्हायवा खुली असल्यानं इतर प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थीही बसलेले असतील. त्यांच्यातलं कोणीतरी प्रश्नाच्या नावाखाली भाषण करेल. ते संपू द्या, आभार माना, त्यातला तुमच्या विषयाला लागू होणारा एक धागा धरून दोन वाक्यं बोला. त्याआधी एखाद्या रविवारी दोन मैत्रिणींना समोर बसवून सराव करा, आणि त्यांतली एक दुसऱ्या विषयाची असू द्या.

जेवण आणि शाली. बाहेरून येणाऱ्या रेफरींचा प्रवासखर्च, भत्ता आणि मानधन विद्यापीठ देतं. तो तुमचा खर्च नाही. विभागाच्या ऑफिसात जाऊन चहापाण्याची तरतूद कशातून होते ते स्वतः विचारा. नसलीच तर चहाबिस्किटं ठेवा आणि तिथेच थांबा. शालश्रीफळ ही आपल्याकडची मानाची रीत आहे, पण परीक्षेच्या दिवशी परीक्षा देणारीनं परीक्षकाला शाल घालणं मला अजिबात पटत नाही. मी ती घेत नाही, आणि माझ्यासारखे इतरही आहेत. सीएचबीचा पगार कधी हातात पडतो हे सगळ्यांना माहीत असताना मुलींना हॉटेलची बिलं भरायला लावणं हा अन्याय आहे, आणि त्याला रीत म्हणू नये. गाईडशी यावरून भांडा असं मी म्हणणार नाही, तुमचा निकाल अजून त्यांच्या सहीचा आहे. 'सर, या महिन्यात एवढंच जमेल' म्हणा आणि विषय बदला. कोणी त्यावरून रिपोर्ट फिरवू शकत नाही, ते आधीच लेखी आलेले आहेत.

व्हायवा झाल्यावर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढेल. तिथे तो जगाला दिसतो, जुळणारा मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरलाही. पाचव्या प्रकरणावरचा निबंध तोवर छापून आला नसेल तर संपादकांना आधीच कळवा आणि 'हा निबंध लेखिकेच्या पीएच.डी. प्रबंधावर आधारित आहे' अशी तळटीप घाला, म्हणजे जुळणाऱ्या मजकुरावरून गैरसमज होणार नाही. इतर प्रकरणांतून आणखी एक निबंध सहज निघेल, कदाचित आईच्या पिढीतल्या आणि मुलींच्या पिढीतल्या कामाच्या तुलनेवर. मराठीत समाजविज्ञानाचं गंभीर लेखन छापण्याची 'नवभारत' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांची परंपरा आहे. इंग्रजीत जायची तयारी झाली की 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आहे, आणि १९५२ पासून निघणारं इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीचं 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' आहे. नकार येतील, वेळही लागेल. त्या वेळात पुढचा लिहा.

आणखी एक. प्रबंध दिसू लागला की काही आठवड्यांत परदेशी वाटणाऱ्या नावांच्या प्रकाशकांचे मेल येतील: 'आपला मौल्यवान प्रबंध आम्ही पुस्तकरूपानं विनामूल्य छापतो.' ते संपादन करत नाहीत, दुकानात ठेवत नाहीत, आणि हक्क मात्र लिहून घेतात. तुमच्या विषयाचं पुस्तक मराठीत व्हायलाच हवं, पण ते नव्यानं लिहून, तक्ते कमी करून, त्या २०० बायकांच्या घरी वाचलं जाईल अशा भाषेत. तोवर कुठल्याही कराराच्या कागदावर सही करू नका.